मोठ्या लॉ फर्ममध्ये कमी तासांचं काम: मुंबईतल्या वकिलांचे नेहमीचे प्रश्न

मुंबईतल्या मोठ्या फर्ममध्ये मी बरीच वर्षं काम करते आहे. मुलगी झाल्यावर सहा वर्षं मी कमी तासांवर होते. पहिली दोन वर्षं ती व्यवस्था अजिबात जमली नाही, पुढची चार वर्षं जमली. तेव्हापासून ज्युनिअर मंडळी मला तेच तेच प्रश्न विचारतात: लोअर परळच्या पुलावर, बीकेसीत रिक्षाच्या रांगेत, रात्री अकराच्या मेसेजवर. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

पार्ट टाइम म्हणजे नेमकं काय? रोज लवकर निघायचं की आठवड्यातून एक दिवस सुट्टी?

दोन्ही प्रकार आहेत, आणखीही आहेत. आठवड्यातले तीन किंवा चार दिवसच काम करणं. पाचही दिवस यायचं पण दुपारी चारला निघायचं. वर्षाच्या बिलेबल, म्हणजे क्लायंटच्या बिलात जाणाऱ्या तासांचं टार्गेटच साठ किंवा सत्तर टक्क्यांवर आणायचं आणि ते तास कधी भरायचे ते आपण ठरवायचं. किंवा एका वेळी एक-दोनच मॅटर (प्रकरणं) घ्यायची, आणि ती संपली की पुढची.

माझं मत विचाराल तर ‘लवकर निघणं’ सगळ्यात कमी टिकतं. चार वाजता टीमचा दिवस ऐन रंगात असतो. दिल्लीच्या क्लायंटचा कॉल साडेचारला, लंडनचा सहाला. तुम्ही रोज सगळ्यांच्या देखत उठता आणि रोज नव्याने समजावून सांगता. ‘बुधवारी मी नसते’ हे मात्र लोक तीन आठवड्यांत शिकतात.

मी आठवड्यातून दोन दिवस घरून काम करते. हे तेच झालं ना?

नाही. घरून काम म्हणजे जागा बदलली, काम तेवढंच राहिलं. विरार किंवा डोंबिवलीहून येणाऱ्याचे रोजचे तीन तास त्याने वाचतात आणि ते फार मोलाचे आहेत. पण मूल लहान असेल, घरी आजारी माणूस असेल, तर तुम्हाला प्रवास कमी करून भागत नाही, काम कमी करावं लागतं. हे दोन अर्ज वेगळे करा. एकत्र केले की फर्म पहिला मंजूर करते, दुसरा त्यात विरून जातो आणि बोलणं तिथेच संपतं.

कायद्याने मला हा हक्क आहे का?

ब्रिटनमध्ये आहे, निदान मागण्याचा तरी. तिथे २००३ मध्ये लहान मुलांच्या पालकांना कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क मिळाला, २०१४ मध्ये तो सगळ्या नोकरदारांना लागू झाला, आणि ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तसा अर्ज करता येतो. मालकाला नकार देता येतो, पण त्याला कारण द्यावं लागतं.

आपल्याकडे असा सर्वसाधारण हक्क नाही. जवळची तरतूद एकच. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कलम ५ मध्ये एक पोटकलम आलं: कामाचं स्वरूप तसं असेल तर रजा संपल्यावर आईला घरून काम करू देता येईल, किती काळ आणि कोणत्या अटींवर ते दोघांनी मिळून ठरवायचं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवलेली आहे. पण ‘दोघांनी ठरवायचं’ म्हणजे सक्ती नाही. शिवाय ती घरून काम करण्याबद्दल आहे, कमी तासांबद्दल नाही.

त्याहून मोठी अडचण आपल्याच नियमात आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ सांगतो की प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाने कुणाचीही पूर्ण वेळ पगारी नोकरी करू नये, आणि त्यात ‘फर्म’ हा शब्दही आहे. म्हणून लॉ फर्ममधले बहुतेक असोसिएट (पार्टनर नसलेले वकील) कागदावर नोकर नसतात, ते रिटेनरवर, म्हणजे ठरलेल्या मासिक फीच्या करारावर असतात. हातात येतात ती प्रोफेशनल फी, त्यावर १० टक्के टीडीएस कापला जातो, पीएफ नसतो. रात्री दोनपर्यंत बसताना तुम्ही नोकरीत असल्यासारख्याच असता, पण हक्काचा विषय निघाला की तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक ठरता. ही विसंगती माझ्या मनाला आजही लागते. आपण दिवसभर दुसऱ्यांचे रोजगार करार तपासतो आणि स्वतःचा दोन पानी रिटेनरशिप करार एकदाही नीट वाचलेला नसतो.

एक बाजू मात्र तुमच्याकडे आहे. तुम्ही खरंच स्वतंत्र व्यावसायिक असाल, तर तुमचे तास हा वाटाघाटीचाच विषय आहे. तुम्ही सवलत मागत नाही, एका कराराच्या अटी ठरवता. अर्ज लिहिताना हे मनात पक्कं असू द्या.

मग मला बाळंतपणाची रजाही नाही का?

कायद्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहेत, त्यानंतर १२. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असावं लागतं. ५० किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. करारावर काम करणाऱ्या स्त्रीला कराराची मुदत संपली म्हणून हे लाभ नाकारता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात २०२३ मध्ये सांगितलं.

पण रिटेनरवरची वकील ही कायद्याच्या अर्थाने ‘कामावर ठेवलेली’ आहे का, या मुद्द्यावर फर्म वाद घालू शकते, आणि आठव्या महिन्यात तो वाद लढायची ताकद कुणात असते? म्हणून फर्मची लेखी पॉलिसी आधी मागून घ्या. कायदा बाजूला ठेवून २६ आठवडे पॉलिसीनेच देणाऱ्या फर्म आहेत. रजेच्या काळात पूर्ण रिटेनर मिळतो का, बोनसचं वर्ष कसं धरतात, परतल्यावर टार्गेट लगेच पूर्ण लागू होतं का, हे तीन प्रश्न रजेवर जाण्याआधी ईमेलवर विचारा. तोंडी उत्तर आलं तर ‘आपलं असं बोलणं झालं’ अशी दोन ओळींची ईमेल तुम्हीच पाठवा.

पैसे किती कमी होतात?

तासांच्या प्रमाणात, असं सगळे म्हणतात. हिशेब करून बघू. समजा पूर्ण वेळेचं टार्गेट वर्षाला १,८०० बिलेबल तास आहे, म्हणजे महिन्याला १५०. तुम्ही साठ टक्क्यांवर आलात: महिन्याला ९० तास. रिटेनर दोन लाख असेल तर एक लाख वीस हजार. इथवर सरळ आहे.

आता बिलात न जाणारं काम मोजा. टीम मीटिंग, ट्रेनिंग, नव्या क्लायंटसाठी पिच, इंटर्नचं काम तपासणं, कुणा पार्टनरच्या नावाने लेख लिहिणं. पूर्ण वेळच्या माणसाचे त्यात महिन्याला ५० तास जातात असं धरा. त्याचा एकूण महिना २०० तासांचा. तुमचे बिलेबल ९० झाले, पण हे ५० कुणी कमी केलेच नाहीत. तुमचा महिना १४० तासांचा, म्हणजे सत्तर टक्के काम आणि साठ टक्के पैसे. ही गळती जवळजवळ सगळ्यांच्या करारात असते, कारण कुणी ते ५० तास मोजतच नाही. करारात लिहून घ्या: बिलेबल नसलेलं कामही त्याच प्रमाणात.

आरोग्य विमा पूर्ण राहतो का, ते विचारा. बोनस शून्य होतो की प्रमाणात मिळतो, तेही. आणि अॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते नव्याने मोजा, नाहीतर जुन्या उत्पन्नाच्या अंदाजाने जास्तीचे पैसे भरून ठेवाल.

कोणत्या कामात हे जमतं?

ज्या कामाच्या तारखा आधी कळतात, त्या कामात.

ट्रेडमार्कचं काम घ्या. तपासणी अहवालाला उत्तर द्यायला तीस दिवस, जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर विरोध नोंदवायला चार महिने, त्यावर अर्जदाराच्या प्रतिनिवेदनाला, म्हणजे उत्तराला, दोन महिने. कॅलेंडर समोर असतं, आठवडा आखता येतो. रोजगार कायद्याचा सल्ला, डेटा आणि नियामक विषयांवरची मतं, फर्मचे नमुना करार अद्ययावत ठेवणं, नव्या लोकांचं प्रशिक्षण, ही कामंही बसतात. यातल्या शेवटच्या दोन कामांना फर्ममध्ये कमी मान मिळतो, आणि तो अन्याय आहे. चांगला नमुना करार वीस असोसिएटच्या रात्री वाचवतो.

जमिनीच्या टायटलचं (मालकीहक्क तपासण्याचं) काम आपल्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम सांगते. तीस वर्षांचा सर्च, इंडेक्स दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), सातबारा, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड. ठाणे-रायगडकडचे जुने फेरफार कधीकधी असे असतात की मोडी-मराठीची सवय असलेल्या माणसाशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. आपल्यासारख्या घरांतून आलेल्या वकिलाला हे वाचता येतं आणि टीमला त्याची गरज असते. दस्त शांतपणे, सलग, घरी बसून वाचता येतात. मी सहा वर्षांत यातूनच उभी राहिले.

अवघड काय? कंपन्यांची खरेदी-विक्री आणि आयपीओ. क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या आठवड्यात ‘बुधवारी मी नसते’ याला अर्थ राहत नाही. तिथे दिवसांऐवजी मॅटर मोजलेलं बरं: एक डील पूर्ण जोराने, मग तीन आठवडे बाहेर. हे वर्षाच्या हिशेबात बसवायला समजूतदार पार्टनर लागतो.

मी लिटिगेशनमध्ये (कोर्टाच्या खटल्यांत) आहे. कोर्ट थोडंच माझ्या वेळापत्रकाने चालतं?

नाही चालत. उद्याचं बोर्ड (सुनावण्यांची यादी) आज संध्याकाळी लागतं, आणि सकाळी मेन्शनिंग झालं, म्हणजे कुणी तातडीची सुनावणी मागितली, की सगळा बेत कोलमडतो. तातडीच्या अंतरिम अर्जांचं काम कमी दिवसांवर करता येतं असं मी कुणाला सांगणार नाही.

पण लिटिगेशन म्हणजे केवळ उभं राहणं नव्हे. व्यावसायिक दाव्यात प्रतिवादीने लेखी कैफियत द्यायला १२० दिवसांची कमाल मर्यादा आहे. लवादाचा निवाडा दोन्ही बाजूंच्या कैफियती पूर्ण झाल्यापासून बारा महिन्यांत यायला हवा, पक्षकारांच्या संमतीने आणखी सहा. साक्षीपुरावे, कागदपत्रांचे संच, उलटतपासणीची तयारी हे सगळं आखता येतं. लवादाच्या तारखा तर सगळ्यांच्या सोयीने आधीच ठरतात. दुसरी मदत ऑनलाइन सुनावणीची. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणत्याही उच्च न्यायालयाने वकिलांना व्हिडिओ कॉन्फरन्सची सोय नाकारू नये. पाच मिनिटांच्या तारखेसाठी मुलुंडहून फोर्टला जायचं आणि कोर्टरूममध्ये चार तास बसायचं, हे दरवेळी करावं लागत नाही.

एक पथ्य पाळा. प्रत्येक मॅटरला तुमच्यासोबत दुसरं नाव असलंच पाहिजे, आणि त्या माणसाने फाइल खरोखर वाचलेली असली पाहिजे.

‘साठ टक्के पैसे आणि शंभर टक्के काम’ असं होतं म्हणतात. खरं आहे?

खरं आहे. माझं झालं.

पहिल्या वेळी मी काय मागितलं? ‘मला चार दिवस करायचे आहेत.’ पार्टनर चांगले होते, लगेच ‘हो’ म्हणाले. रिटेनर कमी झाला. पण माझ्याकडे असलेल्या अकरा फायलींपैकी एकही कमी झाली नाही. त्या अकरा फायली चार दिवसांत बसेनात, म्हणून मी शुक्रवारी घरी बसून, मुलीला सासूबाईंकडे देऊन, त्याच फायली करत होते. सहा महिन्यांनी माझी टाइमशीट काढून बघितली. ठरलेले तास १०५ होते, भरलेले १३८, १४४, १५१. पूर्ण वेळच्या माणसाएवढे तास, तेही कमी पैशांत, आणि वर सतत असं वाटायचं की मी टीमवर ओझं आहे. कुणी वाईट वागलं नव्हतं. कुणी फायली मोजल्या नव्हत्या, एवढंच. मीही नाही.

दुसऱ्या वेळी मी दिवसांचा विषयच काढला नाही. फायलींची यादी घेऊन गेले. ‘या अकरापैकी सहा माझ्याकडे राहतील, या पाच कुणाकडे जातील ते आज ठरवू.’ त्या बैठकीला दीड तास लागला आणि ती अवघड होती, कारण एक फाइल द्यायला माझंच मन होत नव्हतं. पण ती व्यवस्था चार वर्षं चालली.

म्हणून मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगते: तास मागू नका, फायली मोजून मागा. आणि दर तीन महिन्यांनी टाइमशीटचा तक्ता पार्टनरसमोर ठेवा. सलग दोन महिने ठरल्यापेक्षा दहा टक्के जास्त झाले तर एकतर फाइल जाईल किंवा रिटेनर वाढेल, हे वाक्य करारात हवं. सहा मिनिटांच्या युनिटची टाइमशीट सगळ्यांना जाचते, पण या एका बाबतीत ती तुमची साक्षीदार आहे. घरून रात्री पाठवलेली ईमेल, शाळेच्या फाटकाबाहेर घेतलेला कॉल, सगळं तिच्यात लिहा. ‘एवढंसं काय लिहायचं’ म्हणून सोडलेले तासच महिन्याला वीस-बावीस होतात.

क्लायंटला सांगायचं का?

सांगायचं. ‘मी सोमवार ते गुरुवार असते, शुक्रवारी अमुक बघतील’ एवढंच. कारण देऊ नका. जनरल काउन्सेल (क्लायंट कंपनीचे मुख्य कायदा अधिकारी) स्वतःही घर-संसार सांभाळणारी माणसं असतात. त्यांना तुमच्या शुक्रवारशी घेणंदेणं नसतं, फोन उचलला जातो की नाही याच्याशी असतं.

माझा भार टीममधल्या बाकीच्यांवर पडेल, या विचाराने मी विचारायलाच कचरते.

हे मनापासून वाटतं, आणि ज्युनिअरवर काम ढकललं जात असेल तर ते खरंही असतं. पण तुमच्या रिटेनरमधून फर्मचे जे पैसे वाचतात, ते माणूस घेण्यासाठी आहेत. दोन असोसिएट साठ टक्क्यांवर असतील तर जवळजवळ एका माणसाचा रिटेनर वाचतो. ती जागा भरा, असं अर्जातच लिहा.

पार्टनर होण्याचं काय?

उशीर होतो. बहुतेक ठिकाणी होतोच, आणि त्याचं प्रमाण विचारून घ्या. सहा वर्षं साठ टक्क्यांनी केली तर ती साधारण साडेतीन मोजणार की शून्य, हा प्रश्न आधीच विचारला नाही तर उत्तर नेहमी तुमच्या विरुद्ध जातं. ‘काउन्सेल’ हे पद देऊन कायमचं बाजूला बसवण्याची पद्धतही आहे. ज्यांना ते हवं असतं त्यांच्यासाठी ती चांगली जागा आहे. ज्यांना नको असतं त्यांनी पद स्वीकारताना परतीची वाट लिहून घ्यावी.

१९२३ च्या कायद्याने स्त्रियांना भारतात वकिली करायची मुभा दिली. मुंबई उच्च न्यायालयात पहिल्या महिला न्यायाधीश, सुजाता मनोहर, १९७८ मध्ये आल्या. मध्ये पंचावन्न वर्षं गेली. आज कॉलेजातून फर्ममध्ये येणाऱ्या मुली भरपूर आहेत, पण आठव्या-दहाव्या वर्षी त्यांची संख्या कशी रोडावते ते प्रत्येक टीममध्ये दिसतं. नेमक्या त्याच वर्षांत घरची जबाबदारी सगळ्यात जास्त असते. या काळात माणूस टिकवायचा असेल तर साठ टक्के हा स्वस्त मार्ग आहे, असं मी माझ्या पार्टनरांना आकड्यांसह सांगते: पाच वर्षं शिकवलेली असोसिएट गेली की तिच्या जागी नवी तयार करायला पुन्हा पाच वर्षं.

मी पुरुष आहे. मागितलं तर हसतील का?

काही जण विचित्र बघतील. खासगी क्षेत्रात बाबांच्या रजेचा कायदाच नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, तेवढंच. पण माझ्या ओळखीच्या एका सहकाऱ्याने वडिलांच्या डायलिसिससाठी दोन वर्षं आठवड्यातले तीन दिवस काम केलं. तुम्ही मागाल तेव्हा तुमच्या टीममधल्या मुलींची वाट दुपटीने सोपी होईल, कारण मग हा ‘बायकांचा विषय’ राहत नाही.

ऑफिसला कोणत्या दिवशी जावं?

ज्या दिवशी पार्टनर असतात त्या दिवशी. सोमवारचा वेळ मीटिंगांत जातो, शुक्रवारी मजले ओस असतात. मंगळवार ते गुरुवार जा. आरे ते कफ परेड मेट्रो ३ पूर्ण सुरू झाल्यापासून बीकेसी, वरळी, हुतात्मा चौक एकाच मार्गावर आलेत. अंधेरीकडच्यांना पूर्वी जो दिवस फोर्टसाठी राखावा लागे, तो आता अर्ध्या दिवसात उरकतो.

उरलेल्या वेळात शिकवलं किंवा दुसरं काम घेतलं तर चालतं का?

कायदा शिकवणं दिवसाला तीन तासांपर्यंत चालतं, त्यासाठी १९७९ चे नियम आहेत. लेखन, पेपर तपासणं, परीक्षेच्या शिकवण्या यांनाही बार कौन्सिलच्या नियमांत मुभा आहे. वेगळ्या प्रकारची अर्धवेळ नोकरी असेल तर राज्य बार कौन्सिलची संमती आधी घ्या. दुसऱ्या फर्मचं काम मात्र दोन्हीकडे विचारल्याशिवाय घेऊ नका. समोरासमोरचे पक्षकार निघाले तर सनदेवर (वकिलीच्या परवान्यावर) बेतेल. वकिलाने वकिलांच्या फर्मला दिलेल्या सेवेवर जीएसटी लागत नाही, तेवढी चिंता सोडा.

अर्जात काय लिहू?

एक पान पुरे. माझ्या दुसऱ्या अर्जाचा मजकूर साधारण असा होता:

‘१ जूनपासून वर्षभर मी पूर्ण टार्गेटच्या साठ टक्क्यांवर काम करू इच्छिते. बिलेबल नसलेलं कामही त्याच प्रमाणात राहावं. सोबत माझ्या सध्याच्या मॅटरची यादी आहे: सहा माझ्याकडे राहतील, पाच कुणाकडे द्यावीत त्याची सूचना पुढे दिली आहे. मी मंगळवार ते गुरुवार ऑफिसात असेन. सोमवारी आणि शुक्रवारी नसेन, त्या दिवशी अमुक सहकारी फोन घेतील. खरी तातडी आली तर मी येईन आणि तो वेळ त्याच महिन्यात परत घेईन. दर तिमाहीला टाइमशीट पाहून फेरविचार करू. वर्षाअखेरीस पूर्ण वेळेवर यायचं की हेच पुढे न्यायचं, ते एक महिना आधी ठरवू.’

अडचणींचं वर्णन त्यात नव्हतं. ते तोंडी सांगा, हवं असेल तर.

नकार आला तर?

तीन महिन्यांची चाचणी मागा. तीही नाही म्हणाले तर टीम बदलून मागा. नकार बहुधा फर्मचा नसतो, एका पार्टनरचा असतो. तेही जमलं नाही तर इन-हाउस (एखाद्या कंपनीचा कायदा विभाग), छोटी फर्म, स्वतःची प्रॅक्टिस आहेच. इन-हाउस पूर्ण वेळ पगारावर गेलात तर सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे स्थगित करावी लागते, परत येताना ती पुन्हा चालू करून घेता येते. हे करायला विसरू नका.

पूर्ण वेळेवर परतताना?

एकदम परतू नका. मी साठवरून ऐंशीवर आले, सहा महिने थांबले, मग शंभरवर. फायलीही तशाच, एकेक करून परत घेतल्या. जी द्यायला सगळ्यात जड गेली होती, ती पनवेलची जमीन, ती परत मागितली नाही. ज्या मुलीकडे गेली होती तिने ती माझ्यापेक्षा छान सांभाळली होती.